साथीची उपमा

परदेशात कुठे समलिंगी विवाहाचा कायदा झाला की आमच्या काही धर्मबंधूंच्या प्रवचनात 'साथ' हा शब्द हमखास येतो. शेजारच्या देशातला कायदा रोगासारखा सीमा ओलांडतो, सबब आपली दारे वेळीच लावून घ्या, असा त्या उपदेशाचा मथितार्थ. दाखला बहुधा आयर्लंडचा. आम्हांला ही उपमा मान्य नाही.

तोच दाखला तपासू. २२ मे २०१५ रोजी त्या कॅथॉलिकबहुल प्रजासत्ताकात सार्वमत झाले आणि सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहास अनुमती दिली. त्याला लागूनच ब्रिटनच्या अमलाखालील उत्तर आयर्लंड. तिथली चळवळ या कौलातून जन्मली काय? मुळीच नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध बेलफास्टच्या जेफ्री डजन यांनी १९८१ मध्येच मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात निकाल मिळवला होता. त्याच निकालाच्या आधारे डब्लिनच्या डेव्हिड नॉरिस यांनी १९८८ मध्ये तिथेच आपला खटला जिंकला आणि १९९३ मध्ये प्रजासत्ताकातील तसला कायदा गेला. म्हणजे वारे आधी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहिले! साथीच्या उपमेत हे कसे बसवायचे?

मग २०१५ च्या कौलाने काय दिले? आमच्या मते, जुन्या चळवळीला धीर दिला. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे असे विवाह २०१४ मध्येच सुरू झाले होते. पण तो लोकप्रतिनिधींचा निर्णय. डब्लिनचा कौल घराघरांतून आला. माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीस, स्वतः धर्मसभेच्या कायद्याच्या अभ्यासक, आपल्या समलिंगी पुत्राविषयी जाहीरपणे बोलल्या. पुढच्याच महिन्यात बेलफास्टच्या रस्त्यावर हजारो लोक उतरले. नोव्हेंबरात तिथल्या विधिमंडळात ५३ विरुद्ध ५२ असे निसटते बहुमतही झाले. परंतु विरोधी पक्षाने नकाराधिकार वापरून ते रोखले. शेजारचा कायदा सीमेपाशीच अडला. अखेर तो आला लंडनहून, २०१९ मध्ये, बेलफास्टचे विधिमंडळ ठप्प असताना. जनतेला न विचारता आलेल्या या विजयाला डब्लिनच्या कौलाची सर नाही, हे चळवळीच्या पुढाऱ्यांनाही सांगितले पाहिजे.

विवाहसंस्कार स्त्री आणि पुरुष यांचाच, ही धर्मसभेची शिकवण आम्ही मानतो व शिकवतो. परंतु समलिंगी व्यक्तींचा आदराने स्वीकार करावा, हेही तीच धर्मसभा शिकवते. डब्लिनचे तत्कालीन आर्चबिशप डर्मिड मार्टिन यांनी निकालानंतर शेजाऱ्यांना किंवा परकीय वाऱ्याला दोष दिला नाही. तरुणांपासून आपण किती दुरावलो ते पाहा, असे त्यांनी धर्मसभेलाच बजावले.

आमच्याही धर्मग्रामात मिस्सा संपल्यावर थांबून, दबक्या आवाजात आपल्या मुलाविषयी बोलणाऱ्या माता आहेत. त्यांची मुले काही आयर्लंडची वर्तमानपत्रे वाचून तशी झालेली नाहीत. एके रविवारी एका पाहुण्या धर्मगुरूंनी वेदीवरून साथीचे प्रवचन केले. त्यांतली एक माता पुढचे चार रविवार मिस्साला दिसली नाही. पाचव्या रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो.