जास्तीचा कागद मागणं हाही कायदेभंगच

नव्या माणसाला कामावर घेताना मालकाने त्याचे कागद तपासावेत की नाही, हा वादाचा विषय नाही. तपासलेच पाहिजेत. प्रश्न आहे तो कोणाचे तपासायचे, किती तपासायचे आणि कुठे थांबायचं, हा. या बाबतीत अमेरिकेचा कायदा समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं आज तिकडे रोजी कमावतात, आणि हा कायदा त्यांच्या बाजूने काय सांगतो हे त्यांतल्या अनेकांना माहीत नसतं.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी या कायद्यावर सही केली. त्यानंतर कामावर घेतलेल्या प्रत्येकाचा ‘आय-नाइन’ हा फॉर्म भरावा लागतो. प्रत्येकाचा म्हणजे जन्माने अमेरिकन असलेल्याचाही. पहिला भाग कामगाराने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. दुसरा मालकाने, काम सुरू झाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत, कागद पाहून भरायचा.

कागदांच्या तीन याद्या आहेत. ‘ए’ यादीतला एकच कागद पुरतो, उदाहरणार्थ अमेरिकन पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड. तो दाखवायचा नसेल तर ‘बी’ मधला एक आणि ‘सी’ मधला एक, म्हणजे गाडीचं लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड, असंही चालतं. यांतलं काय दाखवायचं हे कामगार ठरवतो, मालक नाही. माझ्या मते या कायद्याचा खरा जीव इथे आहे.

असं का केलं? मालकाला दंडाची भीती घातली की तो भलतीच खबरदारी घेतो. नाव परकं वाटलं, बोलण्याची ढब वेगळी वाटली की त्याला नकोच म्हणतो. हा धोका कायदा करणाऱ्यांना दिसत होता, म्हणून भेदभावाला मनाई त्याच कायद्यात घातली गेली. पुढे १९९० मध्ये कागदांवरून होणाऱ्या छळालाही त्यात जागा मिळाली. आज एखाद्याचं नागरिकत्व किंवा मूळ देश पाहून मालकाने अमुकच कागद आण किंवा आणखी एक आण म्हटलं, तर त्याची तक्रार न्याय खात्याकडे करता येते. मुदत १८० दिवसांची आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला तिकडच्या एका गोदामात लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवल्यावरही ‘तुझं ग्रीन कार्ड दाखव’ म्हणून सांगितलं गेलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कोणी विचारलं नाही. त्याने कार्ड दाखवलं आणि गप्प बसला. ‘सर, नोकरी महत्त्वाची,’ म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नियम माहीत असता तर निदान अदबीने विचारता आलं असतं.

तपासणीचं ओझं मालकावर टाकून सरकारने माणसाच्या बचावाची सोय केली नाही, तर काय होतं ते ब्रिटनने दाखवलं. कॅरिबियन बेटांवरून १९७३ पूर्वी कायदेशीरपणे आलेली, तिथेच शिकलेली, कर भरलेली माणसं ‘कागद नाहीत’ म्हणून नोकरीवरून गेली. २०१८ मध्ये हे ‘विंडरश’ प्रकरण गाजलं आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. गेलेले पगार आणि गेलेली इज्जत राजीनाम्याने परत येत नाही.

अमेरिकेत ‘ई-व्हेरिफाय’ ही संगणकावरची पडताळणीही आहे. नाव सरकारी नोंदीशी जुळलं नाही की ती तात्पुरता नकार दाखवते. कामगाराने त्याला हरकत घेतली, तर निकाल लागेपर्यंत त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. आता हे आपल्या घरात आणून बघा. उर्दू शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘मुहम्मद’, आधारवर ‘मोहम्मद’, पासपोर्टवर नुसतं ‘मो.’ आडनाव एका जागी ‘शेख’, दुसऱ्या जागी ‘शैख’, आणि कधी पुढे तर कधी मागे. माणूस एकच, पण यंत्राला तीन दिसतात. म्हणून पालकांना आणि माझ्या शिक्षक भावा-बहिणींना सांगणं आहे: पहिलीच्या दाखल्यावर नाव लिहिताना पाच मिनिटं जास्त द्या.

आणि आपल्याकडच्या मालकांना, ठेकेदारांना, सोसायटीच्या सेक्रेटरींना एवढंच. कागद जरूर मागा. फक्त जो कागद ‘पाटील’कडे मागता तोच ‘पठाण’कडे मागा, आणि तो मिळाला की थांबा. नाव ऐकून यादी लांबत असेल, तर तुम्ही नियम पाळत नाही आहात, नियमाच्या आड उभे आहात.