वेंगुर्ल्याचे ऋण

कोकणातल्या बागायतदाराच्या हाती आज जे भरवशाचे काजूचे कलम आहे, त्यामागे वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची कित्येक दशकांची मेहनत आहे. 1957 साली सुरू झालेले हे केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. बी रुजवून वाढवलेले काजूचे झाड कसे निपजेल, याची खात्री नसते. मृदुकाष्ठ कलमाने ती अनिश्चितता संपवली. ‘वेंगुर्ला-4’ आणि टपोऱ्या बियांची ‘वेंगुर्ला-7’ या जाती कातळावरच्या बागांपर्यंत पोहोचल्या. याच केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 साली आलेल्या ‘रत्ना’ आंब्याने हापूसमधल्या साक्याच्या, म्हणजे गर आतून खराब होण्याच्या दोषावर उत्तर दिले.

फळझाडाची जात सिद्ध व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. एका अर्थसंकल्पापुरता विचार करून हे काम होत नाही. अवकाळी पाऊस आणि वाढता उष्मा मोहोर जाळत असताना शास्त्रज्ञांची पदे रिकामी ठेवणे म्हणजे बागायतदाराला एकटे सोडणे होय. सरकारने ही पदे भरावीत आणि दीर्घ मुदतीच्या प्रयोगांना अखंड निधी द्यावा.