कारण कुणाच्या वाट्याला येतं?

थरारपटाला वर्ग नसतो, असं एक प्रमेय सध्या आमच्या नारायण पेठेत मोठ्या आत्मविश्वासाने मांडलं जातंय. मांडणारे गृहस्थ जाणकार आहेत, त्यांनी सिनेमे भरपूर पाहिलेत, म्हणून लोक माना डोलावतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: थरारपट म्हणजे कोडं, आणि कोड्यात गरीब-श्रीमंत शोधणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. पडद्यावरचा गुंड वस्तीतला असतो, कारण गुन्हे तिथेच होतात. ज्याला यात अन्याय दिसतो त्याने पोलिसांची दप्तरं वाचावीत.

वाचू की! पुण्याचीच वाचू. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात या शहरात एकाच टोळीने दहा खून केले. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब संपवलं गेलं, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यातले पाच जण. पेठांमध्ये दिवेलागणीला दारं बंद होऊ लागली. आणि मारेकरी निघाले कोण? टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकणारी मुलं. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. ‘गुन्हे तिथेच होतात’ यातलं ‘तिथे’ आपल्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं, हे या शहरात राहून विसरायला बरीच मेहनत घ्यावी लागते.

पण माझा मुख्य आक्षेप गुन्हेगाराच्या पत्त्याला नाही. तो आहे कारणाला. शिकलेल्या मुलांनी खून केले तेव्हा सगळं शहर ‘का?’ असं विचारत बसलं. दारू, संगत, संस्कार, चैनीची हाव, सगळ्याचा काथ्याकूट झाला. या प्रकरणावरून नाना पाटेकरांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) आला, पुढे अनुराग कश्यपने त्यावरूनच बेतलेला ‘पाँच’ केला. त्या ‘का?’ची भूक अजून भागलेली नाही. वस्तीतल्या पोराने सुरा काढला तर हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच्या हातात सुरा असणं हेच त्याचं कारण. पटकथेत त्याला गालावर व्रण मिळतो, गळ्यात रुमाल मिळतो, शिवराळ बोली मिळते. बालपण मिळत नाही.

‘डोंबिवली फास्ट’ (२००५) घ्या. मला आवडलेला चित्रपट आहे, म्हणूनच घेतो. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे हातात बॅट घेऊन सुटतो, पण तिथवर येण्याआधी चित्रपट आपल्याला त्याची सकाळ दाखवतो, लोकल दाखवतो, घरातली कुरकुर दाखवतो, पावलोपावलीचा अपमान दाखवतो. आपण त्याच्या रागात पूर्ण भिजतो, मगच पहिला फटका बसतो. हे उत्तम चित्रपटकलेचं काम आहे. पण तो ज्यांना झोडपतो त्यांतल्या एकाचीही सकाळ आपण पाहत नाही. पांढरपेशाचा राग म्हणजे व्यथा आणि इतरांचा राग म्हणजे गुंडगिरी, ही वाटणी त्या कॅमेऱ्याने आपोआप केलेली नाही. ती कोणीतरी लिहिली, आणि आपण टाळ्या वाजवून ती मंजूर केली.

आणखी एक सांगतो. अभ्यंकरांच्या घरात मारल्या गेलेल्या पाच जणांत घरकाम करणाऱ्या सकूबाई वाघ होत्या. प्रकरण ‘जोशी-अभ्यंकर’ या नावाने पन्नास वर्षं सांगितलं गेलं. किती पुणेकरांना हे तिसरं आडनाव ठाऊक आहे? मारेकऱ्यांची चारही नावं मात्र तोंडपाठ असतात. बळीसुद्धा वर्गवार मोजले जातात, आणि तरीही गृहस्थ म्हणतात, कोड्यात वर्ग नसतो!

‘हे सगळं मनोरंजन आहे’ हा त्यांचा दुसरा मुद्दा. जे हजारो लोक अंधारात एकत्र बसून मनावर घेतात, ते बिनमहत्त्वाचं कसं?

‘परंपरा अशीच आहे’ हा तिसरा. नाही. आमच्या पेठांतल्या वाचनालयांतून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा फाटेस्तोवर वाचल्या गेल्या, आणि ‘हे साहित्यच नव्हे’ म्हणून नाकं मुरडणारेही इथलेच होते. तो वाद मी पुन्हा उकरतो, कारण नाकं मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिलीच नाही. अर्नाळकरांचा नायक काळापहाड धनदांडग्यांना लुटणारा होता. दुष्टपणा बंगल्यात राहतो हे त्या चार आण्यांच्या कादंबरीला समजत होतं.

मग हवं काय? नमुने आहेत. ‘दृश्यम’चं (२०१५) हिंदी रूप निशिकांत कामतांनी गोव्यात घडवलं. चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर एकीकडे, पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख दुसरीकडे. तिचा मुलगा हरवताच अख्खं खातं हलतं, आणि साळगावकरांच्या धाकट्या मुलीलाही मारहाण होते. ती चौकशी पाहताना कायदा कुणाच्या बाजूने धावतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, भाषणाची गरज पडत नाही. ‘बदलापूर’मध्ये (२०१५) जाहिरात क्षेत्रातला रघु सूड घेता घेता निर्दय होत जातो आणि शेवटी लायक नावाचा दरोडेखोर त्याचा गुन्हा स्वतःवर घेतो. सहानुभूती कुणाला द्यायची याची आपली सवयच तिथे मोडते.

आणि ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८). बाप जमीन विकतो, पैसा उडतो, आणि त्याच जमिनीवर त्याला राखणदारी करावी लागते. मुलगा राहुल पुण्यात येऊन गुंड होतो. गृहस्थांच्या मते या चित्रपटाने गुंडांना नायक केलं. काही दृश्यांत तो वाहवतो, हे मान्य. पण त्या मुलाच्या हातातल्या कोयत्यामागे सातबारा आहे, विकणारा आहे, विकत घेणारा आहे. आणि विकत घेणारे कोण? आपण. हिंजवडी-मुळशीकडे ‘सेकंड होम’ बघायला शनिवारी गाडी काढणारे. गृहस्थांना नेमकी हीच गोष्ट डाचते, असा माझा ठाम समज आहे.

जोशी-अभ्यंकर प्रकरणावर पुन्हा कोणी चित्रपट काढणार असेल, तर माझी मागणी एकच. १ डिसेंबर १९७६ ची ती संध्याकाळ निदान एका प्रसंगात तरी स्वयंपाकघरातून दाखवा. सकूबाईंना नाव द्या, घर द्या, वाट पाहणारं माणूस द्या. मग कोड्याला वर्ग असतो की नाही ते चित्रपटगृहात बसून ठरवू.