पहिले हक्कसोडपत्र

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात स्त्रीवादी कथेवर बोलण्याची पाळी माझ्यावर आली. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले; कथा हा माझ्या अभ्यासाचा नव्हे, आवडीचा विषय. मी बोलून खाली बसलो आणि एक जुने साथी उठले. त्यांनी तुरुंग भोगला आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. ते म्हणाले, "प्राध्यापकमहाशय, महागाई आहे, बेकारी आहे, शेतकरी गळफास घेतो आहे, आणि आपण बाईने कोणते नाव लावावे याची चर्चा करीत बसलो आहोत. ही पोट भरलेल्या मध्यमवर्गाची करमणूक आहे." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत स्त्रियाही होत्या, हे नमूद केले पाहिजे.

वेळ संपल्यामुळे त्यांना तेव्हा उत्तर देता आले नाही, ते येथे देतो. स्त्रीच्या नावाचा प्रश्न हा मुळात मालकीचा प्रश्न आहे. कथाकारांना तो आपल्या आधी कळला. मालकीसंबंधांचे विश्लेषण हा ज्यांचा धंदा, त्या आपल्याला मात्र तो अजून कळलेला नाही.

रवींद्रनाथांची 'स्त्रीर पत्र' ही कथा १९१४ साली 'सबुज पत्र' मासिकात प्रसिद्ध झाली. पंधरा वर्षे संसार केलेली एक स्त्री जगन्नाथपुरीहून नवऱ्याला पत्र लिहिते. घरात तिला 'मेजोबौ' म्हणतात, म्हणजे मधली सून. पत्राच्या आरंभीच ती बजावते की हे पत्र त्या घरच्या मधल्या सुनेचे नव्हे, आणि अखेरीस सही करते ती मृणाल या स्वतःच्या नावाने. पुष्कळांनी या कथेकडे एका संवेदनशील स्त्रीचे आत्मभान म्हणून पाहिले. ते खरेच आहे. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिच्यात आणखी काही दिसते. 'मधली सून' हे एका पदाचे नाव आहे. गिरणीत जसा जॉबर किंवा फिटर, तशी घरात मधली सून. पदावरची व्यक्ती बदलली तरी काम अडत नाही, आणि पदाला स्वतःची कविता असण्याची गरज नसते. मृणाल कविता लिहीत असे, हे त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हते. याच घरात थोरल्या जावेची अनाथ बहीण बिंदू येते. तिला तर पदही नाही. तिच्याकडून फुकट मोलकरणीचे काम करून घेतले जाते, पुढे एका वेड्याशी तिचे लग्न लावले जाते, आणि शेवटी ती जळून मरते. पद असलेल्या बाईला निदान भाकरीची हमी. पद नसलेलीला तीही नाही. श्रमाच्या बाजाराचे याहून नेमके वर्णन मी क्रमिक पुस्तकांत वाचलेले नाही.

ही केवळ बंगाली भद्रलोकांची गोष्ट नव्हे. तिच्या वीस वर्षे आधी, १८९४ साली, अमेरिकेत केट शोपँ या लेखिकेने जेमतेम दोनतीन पानांची एक कथा लिहिली. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी बायकोला कळते. ती मिसेस मॅलार्ड म्हणून कथेत येते. तिचे लुईझ हे नाव आपल्याला कळते ते ती खोलीचे दार लावून एकटी बसल्यावर, बहिणीने दाराबाहेरून मारलेल्या हाकेत. स्वतःपुरते जगण्याची कल्पना मनात उमलल्यानंतर, आणि तीही घटकाभरच. मग नवरा जिवंत परत येतो आणि ती कोसळून मरते. डॉक्टर निदान करतात की अत्यानंदाने हृदय थांबले. बाईच्या मरणावरही चिठ्ठी दुसऱ्यांनीच डकवायची!

आता आपल्या साथींना अधिक जवळची वाटेल अशी कथा घेऊ. महाश्वेतादेवींची 'द्रौपदी' ही कथा १९७८च्या 'अग्निगर्भ' या संग्रहात आहे. नायिका संथाळ शेतमजूर, नक्षलवादी उठावातील फरारी. सरकारदरबारी ती द्रौपदी, तिच्या माणसांत दोपदी. हे संस्कृत नाव तिला दिले सावकाराच्या बायकोने. कारण तिची आई त्याच घरी राबत होती. म्हणजे वेठीबरोबर नावही मालकाकडूनच आले. त्या नावावर बक्षीस लागले आहे, म्हणून कोणी नावाने हाक मारली तरी वळून पाहायचे नाही, हे ती शिकली आहे. पकडल्यावर लष्करी अधिकाऱ्याच्या हुकमाने तिच्यावर रात्रभर अत्याचार होतात. सकाळी वस्त्र नाकारून ती त्याच्यासमोर उभी राहते, आणि निःशस्त्र बाईची त्या शस्त्रधाऱ्याला प्रथमच भीती वाटते. महाभारतातल्या द्रौपदीला वस्त्र पुरवणारा कोणी होता. इथे कोणी नाही, आणि तिला कोणी नकोही आहे. मालकिणीने ठेवलेल्या नावाचा अर्थच ती उलटा करून टाकते.

डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले आणि भारतीय स्त्रीचा आदर्श सावित्री नव्हे तर द्रौपदी, असे आग्रहाने मांडले. हे आपण भाषणांत सांगतो. पण 'द्रौपदी' म्हणजे तरी काय? द्रुपदाची मुलगी. 'पांचाली' म्हणजे पांचालांची, 'याज्ञसेनी' म्हणजे यज्ञसेनाची. कृष्णा हे तिचे स्वतःचे नाव, आणि तेच आपण सर्वांत कमी उच्चारतो. गांधारी, कैकेयी, जानकी, मैथिली, सगळ्याच कोणत्या तरी बापाच्या नाहीतर मुलखाच्या. जी पणाला लावता येते, तिची नोंद मालकाच्याच नावाने व्हायची.

महाराष्ट्रात १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तेव्हा केवढा गदारोळ उठला हे जुन्या पिढीला माहीत आहे. शिकलेल्या, कमावत्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींची घुसमट, त्यांच्या मिळकतीवर चालणारी घरे आणि त्यामुळे लांबणारी लग्ने या गोष्टी त्यात उघडपणे आल्या होत्या. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर, आणि या नावाची बाई अस्तित्वातच नव्हती. तेव्हाच्या बाळूताई खरे यांनी ते घेतले होते. पुढे लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एक नाव माहेरचे, एक सासरचे, आणि खरे बोलण्यासाठी तिसरे खोटे नाव. कथांतील प्रश्न बाजूला ठेवून 'ही बाई कोण' याचाच शोध पुष्कळांनी घेतला. कोणाची मुलगी, कोणाची बायको हे कळले की तिला गप्प करणे सोपे जाते.

आता घरचे सांगतो. आमचे लग्न १९८४ साली झाले. हुंडा नाही, मानपान नाही, मुहूर्त नाही. याचा मला फार अभिमान होता. मात्र ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहिताना माझा हात थबकला नाही. ते नाव मीच एका कादंबरीतून निवडले होते. ती शिक्षिका. पदवी एका नावावर, नोकरी दुसऱ्या नावावर. निवृत्तीच्या वेळी एका कार्यालयाने दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने स्टँपपेपरवर शपथ घेऊन सांगितले की मी मीच आहे. मला अशी शपथ कधी घ्यावी लागलेली नाही.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्यानंतर काही वर्षांनी तिच्या वडिलांच्या जमिनीच्या वाटण्या निघाल्या आणि भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले. तिने सही केली. मी म्हटले, कायदा तुझ्या बाजूचा आहे. ती म्हणाली, "ज्या घरात माझे नावच राहिले नाही, तिथे वाटा कोणत्या तोंडाने मागू?" त्या दस्तावर साक्षीदार म्हणून सही आहे ती माझी. मी, जमीनसुधारणांवर वर्षानुवर्षे व्याख्याने देणारा प्राध्यापक! तिने निबंधकासमोर केले ते दुसरे हक्कसोडपत्र होते. पहिले मी तांदळात लिहिले होते. (तिचे नाव या लेखात नाही, कारण ती म्हणाली, निदान या वेळी तरी माझे नाव तुम्ही वापरू नका.)

हे एका घरापुरते असते तर लिहिले नसते. २०११च्या जनगणनेनुसार देशातील कामकरी स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के शेतीवर राबत होत्या. २०१५-१६च्या कृषिगणनेत वहिवाटदार शेतकऱ्यांत स्त्रिया होत्या सुमारे १४ टक्के. हात बाईचे आणि सातबारा पुरुषाचा. घरकाम हेच मुख्य काम असलेल्या स्त्रीला जनगणना 'काम न करणारी' या सदरात टाकते. १९६१च्या तुलनेत १९७१ साली कामकरी स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घसरले; व्याख्या बदलणे हे त्याचे एक मोठे कारण होते. देशातल्या लाखो बाया एका रात्रीत रिकाम्या बसल्या नव्हत्या. कागदावरचा शब्द बदलला होता. शब्दांना काय महत्त्व, असे विचारणाऱ्या साथींनी हा आकडा पाहावा.

आता दोन आक्षेप. पहिला असा की माहेरचे आडनाव तरी बापाचेच ना? होय. माझेही माझ्या बापाचेच आहे. पण ते माझे नव्हे असे मला कोणी ऐकवत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो दलित स्त्रियांनी घेतला आहे. आडनाव ठेवावे की टाकावे हा विचार सवर्ण स्त्रीला निवांतपणे करता येतो. घर भाड्याने मागायला गेलेल्या दलित स्त्रीला आडनाव विचारले जाते ते जात कळावी म्हणून. उर्मिला पवार यांच्या 'सहावं बोट' (१९८८) आणि 'चौथी भिंत' (१९९०) या संग्रहांनी जात आणि पुरुषसत्ता अशा दोन्ही बाजूंनी घेरलेली बाई मराठी कथेत आणली. ज्या स्त्रीवादी समीक्षेला सवर्ण, शिक्षित बाईचे नाव तेवढे दिसते, तिला हा आक्षेप लागू पडतो, आणि तो मान्य केला पाहिजे. पण त्याने प्रश्न लहान होत नाही. नाव हे जातीच्याही मालकीचे असते, एवढे त्यातून सिद्ध होते.

शासनाला मात्र नावाचे महत्त्व पक्के ठाऊक आहे. एप्रिल २०२३मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' लावण्याचा प्रस्ताव करावयास सांगितले. टीका झाल्यावर तो केवळ चर्चेसाठी असल्याचा खुलासा आला. मार्च २०२४मध्ये मंत्रिमंडळाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव अनिवार्य केले. या निर्णयाचे स्वागत केलेच पाहिजे. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित रीत चालू ठेवली गेली. आई म्हणून ती कागदावर आली; नागरिक म्हणून अजून नवऱ्याच्या मागेच उभी आहे.

आणि आपण? आपल्या सभांच्या पत्रिका काढून पाहा. पुरुष वक्त्यांच्या मागे 'साथी', स्त्री वक्त्यांच्या मागे 'सौ.' किंवा 'श्रीमती'. पुरुष कार्यकर्ता वारला की त्याच्या कार्यावर लेख येतो. त्याची बायको वारली की 'अमक्यांना पत्नीशोक' अशी दोन ओळींची चौकट. आणीबाणीत नवरे तुरुंगात असताना ज्यांनी शिवणकाम करून, खानावळ चालवून घरे तगवली, त्यांपैकी किती जणींची नावे आपल्या इतिहासात आहेत? त्या आपल्या चळवळीच्या मेजोबौ होत्या.

म्हणून माझ्या आदरणीय साथींना विनंती आहे की महागाईवर मोर्चा अवश्य काढावा, मी येईन. पण मोर्चाआधी आपल्या शाखेचे सभासदपुस्तक उघडावे. प्रत्येक स्त्री सभासदाला तिचे नाव कसे लिहायचे हे तिलाच विचारून नोंद दुरुस्त करावी. 'सौ.' आणि 'कु.' आपल्या पत्रकांतून काढून टाकावे. आणि ज्याच्या घरी बहिणीचे हक्कसोडपत्र घेतले गेले असेल, त्याने जमिनीच्या फेरवाटपावर बोलण्यापूर्वी आधी बहिणीचा वाटा तिच्या नावावर चढवावा. माझ्यापुरते म्हणाल तर त्या दस्तावरची सही मला पुसता येणार नाही. पण यापुढे अशा कागदावर साक्षीदार म्हणून मी उभा राहणार नाही, आणि जो राहील त्याला समाजवादी म्हणणार नाही.