पाच मिलीत किती मिलिग्रॅम?

मुलाचं अंग तापलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘‘पॅरासिटामॉलच तर आहे, दे एक चमचा. त्यानं काय होतंय?’’ या म्हणण्यात काही तथ्य आहे, ते आधी मान्य करू. योग्य मात्रेत दिलेलं पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी खरोखरच सुरक्षित आहे, आणि प्रत्येक तापाला रात्री डॉक्टरांचं दार ठोठावायची गरजही नसते. माझा आक्षेप आहे तो ‘एक चमचा’वर.

मेडिकलमध्ये शेजारी शेजारी तीन बाटल्या असतात. तिन्हींत पॅरासिटामॉलच. एकीच्या पाच मिलीत 120 किंवा 125 मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीच्या पाच मिलीत 250. तिसरी अगदी चिमुकली, ड्रॉपरची. तिच्या एका मिलीतच 100 मिलिग्रॅम. आता दहा किलोचं मूल घ्या. एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे त्याला 100 ते 150 पुरे. पहिल्या बाटलीतले पाच मिली बरोबर बसतात. दुसरीतले पाच मिली दिले की मात्रा जवळपास दुप्पट झाली. आणि ड्रॉपरच्या बाटलीतलं औषध कुणी चमच्यानं पाच मिली पाजलं, तर मुलाच्या पोटात 500 मिलिग्रॅम गेले, मोठ्या माणसाची अख्खी गोळी. शिवाय चमचा कोणता? चहाचा, पोह्यांचा की आमटीचा? दोन घरांतले चमचे एका मापाचे नसतात. बाटलीबरोबर आलेलं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज, याशिवाय तिसरं साधन वापरूच नये.

‘वयावरून देतो की आम्ही,’ असं काहीजण म्हणतात. दोन वर्षांचं एक मूल नऊ किलोचं असतं, दुसरं तेरा किलोचं. औषधाला वय कळत नाही, वजन कळतं. आणि वजन शोधायला कुठे जावं लागत नाही. अंगणवाडीत ते दर महिन्याला होतं.

‘पण चुकून थोडं जास्त गेलं तर?’ एखाद्या वेळी थोडं जास्त गेल्यानं बहुधा काही होत नाही. धोका असतो तो दर दोन-तीन तासांनी, दोन-तीन दिवस जास्त जात राहण्यात. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत किमान चार तास हवेत, आणि चोवीस तासांत चारच्या वर मात्रा नकोत. शिवाय सर्दीच्या कित्येक सिरपांत पॅरासिटामॉल असतंच. आईनं तापाचं दिलं, आजीनं सर्दीचं दिलं, आणि एकच औषध दोनदा गेलं. यकृताला इजा होते ती गुपचूप. पहिल्या दिवशी मळमळ, एखादी उलटी. कावीळ दिसते ती नंतर. उतारा आहे, पण तो लवकर, शक्यतो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तरच पुरता उपयोगी पडतो. म्हणून मात्रा फार जास्त गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न बघता बाटली घेऊन दवाखाना गाठायचा.

दुसरा हट्ट ‘पॉवरच्या’ औषधाचा. ताप तासाभरात उतरला नाही की दुकानातून जोराचं काहीतरी आणायचं. याच हट्टापायी निमेसुलाइड वर्षानुवर्षं पोरांना पाजलं गेलं. अखेर फेब्रुवारी 2011 मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर देशात बंदी आली. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही डॉक्टरांनी तपासून द्यायची औषधं आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे ताप डेंग्यूचा असू शकतो, आणि डेंग्यूत ही औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ॲस्पिरिन तर मुलांना द्यायचंच नाही.

या साऱ्या घाईच्या मुळाशी एक भीती आहे: ताप डोक्यात जाईल, आकडी येईल. सर्दी-खोकल्याचा नेहमीचा ताप मेंदू जाळत नाही. तापात काही मुलांना आकडी येते, हे खरं. पण तापाचं औषध देत राहिल्यानं ती टळते असं दिसलेलं नाही. औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून. 101 ताप असूनही मूल खेळतंय, पाणी पितंय, तर आकडा खाली आणायचा आटापिटा कशाला? झोपलेल्याला तर उठवूच नका. उलट, कान ठणकतोय म्हणून ते रात्रभर रडत असताना ‘औषधानं प्रतिकारशक्ती मरते’ म्हणत त्याला तसंच ठेवणं हेही मला क्रूर वाटतं. दुखणं सोसून मूल बळकट होत नाही. मात्र तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 ताप आला, तर घरी औषध न देता थेट डॉक्टरकडे. मोठं मूलही मलूल पडलं, लघवी कमी झाली, श्वास जोरात चालला, तर थर्मामीटर काय म्हणतो ते बघत बसू नये.

आता सर्वांत वजनदार आक्षेप: ‘सामान्य आईबापांना मिलिग्रॅमचा हिशेब जमणार नाही.’ हा मला मुळीच पटत नाही. गावोगाव शेतकरी पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली औषध टाकायचं ते रोज मोजतो; कमी पडलं तर कीड मरत नाही, जास्त पडलं तर पीक करपतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आईबापांना हिशेब जमतो. त्यांना तो दाखवला जात नाही. बाटली फिरवून बघा. बारीक इंग्रजी अक्षरं, आणि मात्रेच्या जागी बहुतेक वेळा एवढंच की डॉक्टरांच्या सांगण्यानुसार द्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही पुष्कळदा नुसतं ‘पाच मिली’ असतं. दुकानदारानं दुसऱ्या ताकदीची बाटली दिली की ते पाच मिली चुकीचे ठरतात.

अमेरिकेत तान्ह्यांचे थेंब आणि मोठ्या मुलांचं सिरप यांची ताकद वेगळी असल्यानं गोंधळ होत होता. 2011 मध्ये तिथल्या उत्पादकांनी थेंबांची जादा ताकद बंद करून दोन्ही पाच मिलीला 160 मिलिग्रॅमवर आणायचं ठरवलं. आपल्याकडेही मुलांच्या पॅरासिटामॉलची ताकद एकच ठेवा, खोक्यावर मराठीत किलोप्रमाणे मिलीचा तक्ता छापा आणि प्रत्येक बाटलीबरोबर सिरिंज द्या. तोवर चिठ्ठी हातात पडताच डॉक्टरांना तिथेच विचारा: पाच मिलीत किती मिलिग्रॅमवालं? आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या.