यात्रेचा कागद आपणच लिहावा



चातुर्मास संपत आला की आपल्या घरांत यात्रेचे बोलणे निघते. शिखरजीला जायचे की श्रवणबेळगोळला, मोठ्या कंपनीच्या सहलीबरोबर जायचे की आपापले. हल्ली तिसरा मार्गही निघाला आहे. प्रवास सल्लागाराकडे जायचे आणि आपल्यापुरती, आपल्या सोयीची यात्रा आखून घ्यायची. यावर मंदिरात दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, "ही श्रीमंतांची चैन." दुसरे म्हणते, "मुलगा मोबाइलवर सगळे बुक करून देतो, सल्लागाराला पैसे कशाला?"

मला दोन्ही मते पटत नाहीत. नियम पाळणाऱ्या आणि साठी उलटलेल्या बाईसाठी स्वतःला जुळेल अशी आखणी ही चैन नाही, गरज आहे. मात्र सल्लागार हे काम अर्धेच करू शकतो. उरलेले अर्धे आपण कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचे असते.

आधी गरज कशी ते सांगते. आपल्यातल्या किती जणी "मी नाही येत, तुम्ही जाऊन या" असे म्हणून घरी राहतात ते आठवून बघा. माझी एक मावसबहीण यजमान गेल्यानंतर आठ वर्षे असेच म्हणत होती. तिचे गुडघे दुखतात, तिला रात्रीभोजनाचा आजन्म त्याग आहे आणि अष्टमी-चतुर्दशीला एकाशन असते. "माझ्यामुळे सगळ्यांची गाडी थांबायला नको," हे तिचे ठरलेले वाक्य. तिला यात्रा नको नव्हती, इतरांची अडचण व्हायला नको होते. चाळीस माणसांची बस एका बाईसाठी थांबत नाही आणि त्यात बसवाल्याचा दोषही नाही. दोष असलाच तर तयार मापाचा कपडा सगळ्यांना बसेल असे धरून चालण्याचा आहे.

जेवणाच्या वेळेचेच बघा. डिसेंबरच्या मध्यावर आपल्या सांगलीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शिखरजीच्या पायथ्याला मधुबनमध्ये तो पाचच्या सुमारासच मावळतो, कारण ते ठिकाण आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र देशभर एकच. ज्या जणी सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी जेवण आटोपतात, त्यांचे जेवण सव्वाचारच्या आत संपले पाहिजे. मधुबनच्या भोजनशाळेत हे सांगावे लागत नाही. अडचण येते ती राजगीर, पावापुरी करत रस्त्यावर असतो त्या दिवशी किंवा विमानतळावर बसून असतो त्या संध्याकाळी. तिथे "रात्रीचे जेवण साडेसात वाजता हॉटेलवर" असे छापलेले पत्रक आपल्या कामाचे नाही.

आणि "जैन जेवण मिळेल" या तीन शब्दांवर तर कधीच विसंबू नका. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एका सहल कंपनीने हेच लिहून दिले होते. ताटात कांदा-लसूण नव्हते, पण बटाट्याची भाजी होती. वाढणाऱ्याला त्यात काही चुकले असे वाटलेच नाही. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या जणींनी आणखी एक लक्षात ठेवावे. विमानात "हिंदू मील" म्हणून जे मिळते त्यात बहुधा मांसाहार असतो. आपले जेवण "जैन मील" या वेगळ्या नावाने असते. व्हीजेएमएल हा त्याचा संकेत. ते तिकिटावर आधी नोंदवावे लागते आणि प्रत्येक विमानात मिळतेच असेही नाही. चांगला सल्लागार हे आपण विचारण्याआधी सांगतो.

आता "मुलगा करून देतो" याविषयी. मुलगा तिकीट काढून देतो, आखणी करत नाही. दोन्हींत फरक आहे. मागच्या वर्षी आम्ही सहा जणी शिखरजीला गेलो, त्यात वर सांगितलेली मावसबहीणही होती. रेल्वेत ४५ वर्षांवरील बायकांना खालच्या बर्थसाठी वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर एकट्या किंवा दोघी असतील तरच. सल्लागाराने सहा जणींची तीन वेगळी तिकिटे काढली आणि सहाही बर्थ खालचे मिळाले. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तो दिवसही त्याने वहीत लिहून ठेवला होता. डोंगरावरच्या वंदनेसाठी एक पूर्ण दिवस आणि त्यानंतर एक दिवस काहीही न करता मधुबनलाच मुक्काम, हेही त्यानेच सुचवले.

तो दुसरा दिवस किती मोलाचा, हे तिथे गेलेल्यांना सांगायला नको. चढ ९ किलोमीटर, वरच्या टोंकांचा फेरा ९ आणि उतार ९, अशी २७ किलोमीटरची वंदना. पहाटे दोन-तीनला निघाले तरी परत यायला दुपार होते. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले त्या भूमीवरून उतरल्यावर लगेच सामान बांधून स्टेशन गाठायचे, हे शरीराला झेपत नाही आणि मनालाही रुचत नाही. आमच्यातल्या दोघींनी डोली केली, चौघी चालल्या. डोलीचे आदल्या संध्याकाळीच ठरले होते, त्यामुळे पहाटेच्या अंधारात घासाघीस झाली नाही आणि डोलीत बसणाऱ्या दोघींना कोणी कमी लेखलेही नाही.

या सगळ्याची सल्लागाराची फी तीन हजार रुपये, म्हणजे माणशी पाचशे. हिशेबाची सवय असल्याने मी आधीच विचारले, "तुम्हाला हॉटेलकडून काय मिळते?" तो थोडा चपापला, पण म्हणाला की धर्मशाळेतून काही मिळत नाही, हॉटेल आणि विमानातून थोडे मिळते. हा प्रश्न विचारायला लाजू नका. जो सल्लागार आपल्याकडून एक पैसाही घेत नाही, त्याचे घर दुसऱ्या कोणाच्या पैशावर चालते. मग तो धर्मशाळेऐवजी हॉटेल सुचवणार आणि तीन ठिकाणांऐवजी सात ठिकाणे दाखवणार. उघड फी घेणारा आपल्या बाजूने विचार करू शकतो. पैसे त्याच्या व्यवसायाच्या खात्यात भरावेत, जीएसटीचे बिल घ्यावे आणि यात्रा रद्द झाली तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळेल ते लिहून घ्यावे. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

काही जणींना यात्रेत असा व्यवहार आणणे बरे वाटत नाही. पण यात्रेची आखणी दुसऱ्याने करणे आपल्या धर्माला नवीन नाही. पूर्वी धनवान श्रावक स्वखर्चाने संघ काढत. वाटेतला मुक्काम, पाणी, भोजन, राखण सगळे तेच पाहत. त्यांना संघपती म्हणत आणि संघवी हे आडनाव त्यातूनच आले. तेराव्या शतकात गुजरातच्या मंत्री वस्तुपालांनी शत्रुंजय-गिरनारचे मोठे संघ नेले. संघपती स्वतः श्रावक असे, त्यामुळे त्याला सूर्यास्त, अष्टमी, गाळलेले पाणी यांतले काहीच समजावून सांगावे लागत नसे. आजचा सल्लागार बहुधा आपल्यातला नसतो. मोक्षसप्तमीला शिखरजीला आणि दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या दिवशी, पावापुरीला किती गर्दी होते हे त्याच्या संगणकाला ठाऊक असेलच असे नाही. पालिताण्याला चातुर्मासात डोंगरावरची यात्रा बंद असते हेही त्याला माहीत असेल असे धरू नका. म्हणून तो कागद.

कागदावर काय लिहायचे? पहिला भाग नियमांचा. काय खात नाही ते एकेका नावाने लिहा. बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले, सगळे. "सूर्यास्तापूर्वी जेवण" एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक मुक्कामाच्या गावाचा सूर्यास्त बघून घड्याळाची वेळ लिहा. उपवास-एकाशनाच्या तिथी तारखांसह लिहा. दुसरा भाग शरीराचा. किती पायऱ्या चढवतात, रात्री किती वेळा उठावे लागते, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय हवे का, औषध कोणत्या वेळी. हे सांगताना आपण संकोचतो आणि मग आठ दिवस तो त्रास सोसत बसतो. तिसरा भाग हेतूचा. अभिषेक पाहायचा आहे, शांतपणे सामायिक करायचे आहे, की कोणा माताजींच्या दर्शनाला थांबायचे आहे, ते लिहा. हेतू लिहिला नाही तर सल्लागार रिकामी वेळ दिसेल तिथे एक धबधबा घालतो.

हा कागद बाईने स्वतः लिहावा, यावर माझा जोर आहे. बहुतेक घरांत सल्लागाराशी पुरुषच बोलतात. ते तारखा आणि पैसे ठरवतात, आणि "जेवणाचे बायका बघतील" असे म्हणून विषय संपवतात. मग आपण सातव्या दिवसापर्यंत टिकणारे खाकरे-चिवडे करतो, स्टोव्ह आणि कुकर बांधून घेतो आणि धर्मशाळेच्या ओसरीत पोळ्या लाटत बसतो. पुरुषांची वंदना होते, आपले स्वयंपाकघर फक्त गाव बदलते. सोवळ्यातले, मर्यादेतलेच अन्न घेणाऱ्या व्रती बाईची गोष्ट निराळी, तिने जरूर स्वतःचे करावे. पण बाकीच्यांनी कोणत्या मुक्कामी भोजनशाळा आहे आणि ती किती वाजेपर्यंत वाढते, हे सल्लागाराकडून आधी काढून घ्यावे. तेवढ्याने अर्धे ओझे घरीच राहते.

एक मर्यादाही सांगते. आखणी कितीही नेमकी असली तरी गाडी उशिरा येणार, धुके पडणार, एखाद्या दिवशी जेवण मिळणार नाही. त्या दिवशी सल्लागाराला फोनवर बोलण्यापेक्षा पिशवीतला सुका मेवा दिवस असेतो खावा आणि नंतर पाणीही सोडून माळ घ्यावी. नियम आपण घेतला आहे, त्याने नाही. त्याची जबाबदारी व्यवस्थेची, आपली समतेची.

माझ्या मावसबहिणीने आता श्रवणबेळगोळचे काढले आहे. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या तिला चढवणार नाहीत, हे तिने कागदावर पहिल्याच ओळीत लिहिले आणि डोली हवी असे पुढे लिहिले. या वेळी "तुम्ही जाऊन या" ती म्हणाली नाही, आमच्या तारखा तिनेच विचारल्या. तुमच्याही घरात अशी एखादी जाऊबाई, नणंद किंवा काकू असेल. पुढच्या यात्रेची तारीख ठरवण्याआधी तिच्या हातात एक कोरा कागद आणि पेन द्या.

जय जिनेंद्र.