बायोडेटात तू कुठे आहेस?

परवा धाकट्या बहिणीची नात आली होती. यंदा बी.कॉम. झाली, नोकरी शोधते आहे. "आजोबा, माझा बायोडेटा बघा ना. फक्त चुका तपासा." हातात लाल पेन आलं की निवृत्त मास्तरही जागा होतो!

दोन पानं होती. सुरुवातीलाच 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावण्याची इच्छा'. मग मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर. छंद : वाचन, संगीत, प्रवास. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे'.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"मैत्रिणीच्या दादाचा. नाव, मार्क बदलले."

गप्पांमध्ये कळलं की कॉलेज करता करता तीन वर्षं बाबांच्या किराणा दुकानाची उधारीची वही हीच सांभाळत होती. सगळी खाती तिने एक्सेलमध्ये उतरवली, थकलेली उधारी गोड बोलून वसूल केली. "हे का नाही लिहिलंस?" तर म्हणते, "घरचंच काम ते. त्यात काय सांगायचं?"

मंडळी, इथेच आपलं चुकतं. स्वतःविषयी बोलणं म्हणजे बढाई, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. गंमत म्हणजे खरी बढाई 'मेहनती' या शब्दात आहे. 'तीन वर्षं हिशेब सांभाळला' ही तर नुसती माहिती!

मी तरी काय वेगळा होतो? १९७४ साली शिक्षकाच्या नोकरीसाठी अर्ज केला, त्यात थोरला मुलगा, घरची जबाबदारी, हेच लिहिलं होतं. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी विचारलं, "ते ठीक आहे, पण वर्गात काय कराल?" माझी बोबडी वळली. मला नोकरीची गरज का आहे ते सांगितलं होतं, त्यांना माझी गरज का पडावी ते नाही.

लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झासाठी पत्र तयार केलं होतं. त्यात आधी काय, तर हलके पूल, तोफा, वेढ्यात खंदकातलं पाणी काढायची युक्ती. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी! वाचणाऱ्याला युद्धाची काळजी आहे, हे त्याने ओळखलं होतं.

म्हणून माझं मत सांगतो. नव्या पदवीधराला एक पान पुष्कळ. जाहिरात नीट वाचून त्या कामाला लागेल ते वर घ्यावं. विशेषणं काढून क्रियापदं घालावीत : केलं, शिकवलं, वसूल केलं. सोबत आकडा असावा. मांडणी साधी ठेवावी. हल्ली पुष्कळ कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि चौकटी, चित्रं त्याला नेहमी उमगतातच असं नाही. आणि ज्यावर पाच मिनिटं बोलता येणार नाही, ते लिहूच नये. खोटं तर नाहीच.

मी दोन्ही पानांवर लाल रेघ मारली. तिचा चेहरा उतरला. मग कोरा कागद पुढे ठेवला. थोडा वेळ पेन चावत बसली आणि एकदम फोन उचलला.

"बाबा, आपल्या वहीत खाती किती होती हो?"

नोकरी लागेल तेव्हा लागेल. असो. तुमच्या घरच्या बायोडेटात काय लिहायचं राहून गेलंय, जरूर कळवा.